नारळाचं दूध, तिळाचं तेल आणि बिरडं : बेने इस्रायल स्वयंपाकघराचा इतिहास

आजचं व्याख्यान एका स्वयंपाकघराबद्दल आहे. सुरुवात एका शब्दापासून करू. आपण मराठीत म्हणतो, ‘अमक्याने सगळा मलिदा लाटला.’ मलिदा म्हणजे फुकटचा लाभ, टाळूवरचं लोणी. मूळ शब्द फारसी, अर्थ चोळलेलं, कुस्करलेलं. दर्ग्यावर वाटतात तो कुस्करलेल्या पोळीचा गोड मलिदा आपल्यापैकी अनेकांनी खाल्ला असेल. पण अलिबाग, पेण, पनवेल, मुंबई, ठाणे इथल्या बेने इस्रायल घरांत, म्हणजे मराठी बोलणाऱ्या ज्यूंच्या घरांत, मलिदा म्हणजे भिजवलेले पोहे, खवलेला ओला नारळ, साखर किंवा गूळ, वेलची, सुका मेवा आणि सोबत पाच प्रकारची फळं. नवस फेडताना, लग्नाआधी, नव्या घरात जाताना हे ताट मांडतात, एलियाहू हनबीचं, म्हणजे एलिया संदेष्ट्याचं नाव घेतात आणि मग ते वाटतात.

या ताटात मांस नाही, दूध नाही, तूप नाही, अंडं नाही. आजच्या भाषेत ते पूर्ण व्हीगन आहे. कुणी व्हीगन व्हायचं ठरवून ते केलेलं नाही. मग ते असं का झालं? आणि दुसरा, जास्त मोठा प्रश्न : ज्या समाजाकडे अनेक शतकं हिब्रू ग्रंथ नव्हते, रब्बी नव्हते, सिनेगॉग नव्हतं, त्याने आपला धर्म कशात सांभाळला? आमचं उत्तर असं की, बऱ्याच अंशी तो चुलीवर सांभाळला. त्यातही या चुलीचा शाकाहारी भाग, ज्याकडे इतिहासकार सहसा फारसं बघत नाहीत, तो फार काही सांगून जातो.

आधी नियम थोडक्यात बघू, कारण आपल्याकडे एक समज आहे की शाकाहारी म्हटलं की ज्यू माणसाला ते चालणारच. तसं सरळ नाही.

‘कोशर’ म्हणजे नियमाला धरून असलेलं, योग्य. प्राण्यांमध्ये खूर दुभंगलेला आणि रवंथ करणारा असेल तोच चालतो. माशांमध्ये पर आणि खवले दोन्ही हवेत, म्हणून पापलेट चालतं, कोळंबी नाही. प्राणी प्रशिक्षित माणसाने ठरलेल्या पद्धतीने कापलेला हवा, रक्त काढून टाकलेलं हवं. आणि सगळ्यात मोठा नियम म्हणजे मांस आणि दूध एकत्र नाही. करडू त्याच्याच आईच्या दुधात शिजवू नये ही आज्ञा तोरामध्ये तीनदा येते, दोनदा निर्गमात आणि एकदा अनुवादात. पुढच्या रब्बींनी तिचा विस्तार केला : एकत्र शिजवायचं नाही, एकत्र खायचं नाही, भांडी वेगळी, मांसाच्या जेवणानंतर दूध घेण्याआधी काही काळ थांबायचं.

त्यामुळे कोशर घरात अन्नाचे तीन वर्ग होतात : मांसाचं, दुधाचं आणि दोन्ही नसलेलं. या तिसऱ्या वर्गाला युरोपातल्या ज्यूंच्या यिद्दिश भाषेत ‘पार्वे’ म्हणतात. धान्य, भाज्या, फळं, तेल, कडधान्यं, अंडी, मासे, मध हे सगळं पार्वे. म्हणजे सगळं व्हीगन अन्न पार्वे असतं, पण सगळं पार्वे अन्न व्हीगन नसतं. मधाची गंमत अशी की मधमाशी खाणं निषिद्ध, पण तिचा मध चालतो.

आणि शाकाहारी स्वयंपाकालाही नियम सुटत नाहीत. किडे खाणं निषिद्ध आहे, म्हणून पालेभाजी, पीठ, तांदूळ, डाळी नीट निवडून घ्याव्या लागतात. आपल्याकडे सुपात तांदूळ निवडणारी बाई खडे काढते. कोशर घरातली बाई त्याच सुपावर एक धार्मिक आज्ञा पाळत असते. चीज करताना वासराच्या जठरातलं रेनेट वापरलेलं असेल तर प्रश्न येतो. अंडं फोडून रक्ताचा ठिपका नाही ना ते बघायचं. वाइन कुणी केली हेही बघायचं. पाकिटावरच्या हिरव्या ठिपक्याने यातल्या कशाचंच उत्तर मिळत नाही.

तरीही एक गोष्ट खरी आहे. ज्यू माणूस जेव्हा जेव्हा परक्या मुलखात एकटा पडला, तेव्हा तो वनस्पतींकडे वळला. दानिएलाच्या पुस्तकात बाबेलच्या राजवाड्यात नेलेले चार तरुण राजाचं अन्न नाकारतात आणि दहा दिवस डाळ-भाजी आणि पाणी यांवर राहून दाखवतात. इसवी सनाच्या पहिल्या शतकातला इतिहासकार योसेफस आत्मचरित्रात सांगतो की रोममध्ये कैदेत पाठवलेले काही याजक अंजीर आणि कवचीची फळं खाऊन दिवस काढत होते. यात शाकाहाराचं तत्त्वज्ञान नाही. कापणारा आपला नाही, भांडी आपली नाहीत, तेव्हा झाडाचं फळ सुरक्षित, इतका व्यवहारी हिशोब आहे. हा हिशोब लक्षात ठेवून आता कोकणात येऊ.

बेने इस्रायल परंपरा सांगते की अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्याशी एक जहाज फुटलं. सात पुरुष आणि सात बायका वाचल्या. बाकीच्यांना तिथेच पुरलं. पुस्तकं बुडाली, भाषा हळूहळू गेली. हे कधी घडलं याबद्दल इतिहासकारांचं एकमत नाही, आणि आज तो आपला विषय नाही. आपल्या दृष्टीने महत्त्वाचं हे की हे लोक कुलाब्याच्या, म्हणजे आजच्या रायगडच्या गावागावांत पसरले आणि गावाची नावं लावू लागले : किहीमचे किहीमकर, रोह्याचे रोहेकर, पेणचे पेणकर, चौलचे चेऊलकर. धंदा धरला तेलाच्या घाण्याचा. शुक्रवारी सूर्य मावळला की घाणा बंद, तो शनिवारी रात्रीपर्यंत. म्हणून गावाने त्यांना नाव दिलं ‘शनवार तेली’. शेजारचे हिंदू तेली सोमवारी घाणा बंद ठेवत, ते ‘सोमवार तेली’. गावाने धर्म विचारला नाही, घाण्याची सुट्टी विचारली.

या धंद्याकडे स्वयंपाकघराच्या बाजूने बघू. जगभरच्या कोशर स्वयंपाकात सगळ्यात अवघड प्रश्न कोणता असेल तर स्निग्ध पदार्थाचा. लोणी हे दूध, म्हणून मांसाबरोबर नाही. चरबी हे मांस, म्हणून दुधाबरोबर नाही. डुकराची चरबी तर मुळातच नाही. पूर्व युरोपात ऑलिव्ह पिकत नाही, तेल महाग. म्हणून तिथल्या ज्यू बायका हंसाची आणि कोंबडीची चरबी वितळवून बरण्या भरून ठेवत. ती चरबी लागलेलं प्रत्येक भांडं मांसाचं होऊन बसे. कोकणातल्या ज्यूला हा प्रश्नच पडला नाही, कारण तो स्वतः तेल गाळत होता. तीळ आणि खोबरं. तेल पार्वे, कशाबरोबरही चालतं. त्याच्या पोटापाण्याचा धंदा आणि त्याच्या धर्माची गरज एकाच घाण्यातून निघत होती.

दुसरी गोष्ट नारळाचं दूध. इथे आपण सावध राहायला हवं. नारळाचं दूध कोकणात कोण वापरत नाही? सोलकढी करणारं प्रत्येक घर वापरतं. मग त्यात ज्यू असं काय आहे? आमच्या मते ते जे घातलंय त्यात दिसत नाही, जे घातलेलं नाही त्यात दिसतं. पारंपरिक बेने इस्रायल घरात मटणाला दही लावत नाहीत. पुलावात तूप सोडत नाहीत. मटणाच्या जेवणावर खीर हवी असेल तर ती नारळाच्या दुधाची. शेजारच्या घरात नारळाचं दूध ही चव आहे, आवड आहे. या घरात ती सक्ती आहे, आणि सक्तीचीच पुढे आवड झाली. पुस्तक नसलेल्या समाजाचा नियम शोधायचा तर असा शोधावा लागतो, पातेल्यात काय नाही ते बघून.

यावर एक तुलना सांगण्यासारखी आहे. सोळाव्या शतकात पोलंडच्या क्राकोव्हमध्ये रब्बी मोशे इसर्लिस यांच्यासमोर बदामाच्या दुधाचा प्रश्न होता. मांस बदामाच्या दुधात शिजवलं तर नियम मोडत नाही, पण बघणाऱ्याला वाटेल की हा दुधात मांस शिजवतोय. म्हणून त्यांनी नोंदवलं की शेजारी थोडे बदाम ठेवावेत, म्हणजे बघणाऱ्याला कळेल. थंड देशात बदामाचं दूध हा श्रीमंती अपवाद होता, त्याचा खुलासा करावा लागे. कोकणात पांढरी आमटी बघून कुणालाच गायीच्या दुधाचा संशय आला नसता. अंगणात माड उभा होता, तोच खुलासा.

आता सणांकडे येऊ, कारण खरा ऐवज तिथे आहे. हाईम सॅम्युएल किहीमकर हे या समाजाचे पहिले मोठे इतिहासकार. मुंबईत 1875 मध्ये इस्रायली शाळा सुरू करणाऱ्यांपैकी ते एक. त्यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस समाजाचा इतिहास इंग्रजीत लिहिला. तो छापून आला त्यांच्या मृत्यूनंतर, 1937 मध्ये, तेल अवीवला. त्यात जुन्या सणांची नावं दिली आहेत, आणि ती हिब्रू नाहीत, मराठी आहेत. वर्षारंभ, म्हणजे रोश हशाना, हा ‘नव्याचा सण’. त्यानंतर थोड्या दिवसांनी ‘खिरीचा सण’. योम किप्पूर, म्हणजे प्रायश्चित्ताचा उपास, हा ‘दार फाळणीचा सण’, कारण त्या दिवशी दारं लावून घरात बसायचं. त्याच्या दुसऱ्या दिवशी ‘शिळा सण’. पुरीम तो ‘होळीचा सण’. जेरुसलेमचं मंदिर पडलं त्या दिवसाचा उपास तो ‘बिरड्याचा रोजा’.

बघा, खीर, शिळं, बिरडं. नावातली अर्थकथा गेली, आणि राहिलं काय तर त्या दिवशी काय खाल्लं ते. मंदिर कोणी पाडलं, कधी पाडलं, हे ज्यांना सांगता आलं नसतं त्यांना हे मात्र पक्कं माहीत होतं की या दिवशी उपास करायचा आणि संध्याकाळी बिरड्याने सोडायचा.

या बिरड्यापाशी थोडं थांबू. ज्यू पंचांगात आव महिन्याची नववी तिथी हा शोकाचा दिवस. मिश्ना या प्राचीन संहितेत सांगितलंय की त्याच्या आदल्या दिवशीच्या शेवटच्या जेवणात मांस नको, वाइन नको. शोकाचं अन्न म्हणून ज्यू परंपरेत मसूर येते. तालमूदमध्ये कारणही दिलंय : मसूर गोल असते, शोक जगात तसा फिरत असतो, आणि मसुरीला तोंड नसतं, तसा शोक करणारा मुका होतो. याकोबाने एसावाला लाल मसुरीची आमटी देऊन ज्येष्ठत्व घेतलं, ती आमटीसुद्धा अब्राहामाच्या सुतकाची होती असं रब्बी सांगतात. म्हणजे शोकाला कडधान्य ही जुनी जोडी आहे.

आता कोकणातलं कडधान्य कोणतं? वाल. भात कापला की त्याच जमिनीच्या ओलीवर पेरायचा. अलिबाग-पेणकडचा कडवा वाल सगळ्यांना माहीत आहे. तो भिजवायचा, फडक्यात बांधून मोड आणायचे, कोमट पाण्यात टाकून एकेक सोलायचा. ते बिरडं, काही घरांत त्यालाच डाळिंब्या म्हणतात. मग कांदा, हळद, तिखट आणि नारळाचं दूध. तासभर खाली मान घालून एकेक दाणा सोलत बसणं हे काम उपासाच्या दिवसाला शोभणारं आहे असं आम्हाला वाटतं, पण हे आमचं वाटणं झालं, पुरावा नव्हे.

पुरावा पंचांगात आहे. ज्यू पंचांग आपल्यासारखंच चांद्र महिन्यांचं, मधूनमधून अधिक महिना घालून सूर्याशी जुळवलेलं. अधिक महिन्यांच्या फरकाने कधी महिनाभर इकडेतिकडे होतं, नाहीतर आव म्हणजे श्रावण, अदार म्हणजे फाल्गुन, शेवात म्हणजे माघ. म्हणूनच पुरीमचं नाव होळी पडलं. दोन्ही पौर्णिमेच्या आसपास येतात. आणि आवची नववी तिथी येते ती नारळी पौर्णिमेच्या आधी पाचसहा दिवस. पावसाळा, समुद्र बंद, ताजी मासळी नाही, शेजारीपाजारी श्रावण पाळताहेत, घरात आहे ते साठवणीतलं कडधान्य. ज्यू शोकाचा नियम आणि कोकणातल्या पावसाळ्याचा नियम एकमेकांवर चपखल बसले. त्यामुळे हा दिवस पाळायला वेगळं काही आणावं लागलं नाही, आणि म्हणूनच तो विसरलाही गेला नाही. जी आठवण घरातल्या डब्यात असते ती टिकते.

खिरीचा सण असाच. नवं धान्य, नारळाचं दूध, गूळ. घरात धूप जाळायचा, ‘शमा’ म्हणायचा आणि खीर खायची. ‘शमा इस्रायल’ हे देव एक आहे असं सांगणारं वचन, बहुतेक तेवढीच हिब्रू ओळ या लोकांच्या तोंडी शिल्लक होती. खिरीच्या वाटीबरोबर ती ओळ जिवंत राहिली.

नव्याच्या सणाला आजही बेने इस्रायल घरांत चिकाचा हलवा होतो. गहू दोनतीन दिवस भिजवायचे, वाटायचे, पिळून गाळायचे, तळाशी बसलेला चीक घ्यायचा, आणि नारळाच्या दुधात साखर घालून ढवळत राहायचं, हात भरून येईपर्यंत. मग ताटात थापून वर बदाम-पिस्ते, वड्या पाडायच्या. आता पुष्कळ घरांत चिकाऐवजी चायना ग्रास किंवा कॉर्नफ्लॉवर असतं. पण नारळाचं दूध मात्र बहुतेक ठिकाणी तेच, कारण सणाच्या जेवणात मटण असतं आणि त्यावर गोड हवं असतं. सणाच्या गोडात गायीचं दूध न येण्यामागे पातेल्याच्या शेजारचं दुसरं पातेलं आहे.

वल्हांडणाचीही गोष्ट छोटी पण बोलकी आहे. त्या सणात आंबवलेली भाकरी वर्ज्य. पण कोकणात रोजची भाकरीच तांदळाची, न आंबवलेली. मग वर्ज्य काय करणार? किहीमकरांनी दिलेल्या जुन्या नावात याचं उत्तर आहे : त्या दिवसांत आंबट रसाचं मडकं झाकून ठेवायचं, त्यावरूनच सणाला नाव पडलं होतं. आंबट ते बंद, एवढा नियमाचा गाभा उरला होता. पुढे हिब्रू शिक्षण आलं, ग्रंथ आले. 1874 मध्ये पुण्यात छापलेल्या हिब्रू-मराठी हग्गादात, म्हणजे वल्हांडणाच्या रात्री वाचायच्या पोथीत, बेखमीर भाकरी करणाऱ्या बायकांचं चित्र आहे. त्या मराठी पद्धतीचं लुगडं नेसलेल्या आहेत, जमिनीवर बसून काम करताहेत. ज्यू इतिहासातल्या फार थोड्या चित्रांत स्वयंपाक करणारी बाई अशी आपल्या ओळखीची दिसते.

सब्बाथच्या प्याल्याचंही तसंच. वाइन मिळायची नाही, परक्याची चालायची नाही. मग काळ्या मनुका भिजवून, कुस्करून, गाळून सरबत करायचं आणि त्यावर आशीर्वाद म्हणायचा. मनुकांच्या रसाला तालमूदमध्ये मान्यता आहे. इथल्या बाईने तालमूद वाचला नव्हता. पण तिचं सरबत तालमूदला धरून होतं.

आता पुन्हा मलिद्याकडे. एक अडचणीचा प्रश्न विचारू या. कोकणातल्या गावात कोण कुणाकडे जेवत होतं? बेने इस्रायल माणूस दुसऱ्याने कापलेलं मांस खाणार नाही. वरच्या मानलेल्या जातीचा माणूस तेल्याच्या घरचं शिजवलेलं खाणार नाही. म्हणजे दोन्ही बाजूंनी ताट अडलेलं. मग शेजाऱ्याला द्यायचं काय? पोहे, नारळ, गूळ, केळी. चुलीवर शिजवलेलं नाही, मांसाचं नाही, दुधाचं नाही. आमचा अंदाज असा की मलिद्याचं ताट असं होण्यामागे ही सोयही असणार. ते देवाला चालतं, नवसाला चालतं आणि उंबऱ्याबाहेरही जातं. अलिबागजवळ खंडाळ्याला एलियाहू हनबी प्रकट झाला आणि त्याच्या रथाच्या खुणा तिथल्या खडकावर आहेत अशी श्रद्धा आहे. तिथे माघ पौर्णिमेच्या सुमाराला येणाऱ्या झाडांच्या सणाला लोक मलिदा घेऊन जातात. त्याला जुनं नाव ‘एलियाहू हनबीचा उरूस’. नवस हिंदू शेजाऱ्याचा, उरूस आणि नबी मुसलमान शेजाऱ्याचा, एलिया ज्यूंचा, आणि पोहे सगळ्यांचे.

पण चित्र गोड करून सांगायला नको. अन्नाने जोडलं तसं तोडलंही. बेने इस्रायलांमध्येच ‘गोरे’ आणि ‘काळे’ असा भेद होता. मिश्र विवाहातून आलेली मानली गेलेली कुटुंबं ‘काळी’. त्यांच्याशी सोयरीक नाही, आणि त्यांची भांडीही वेगळी. धर्माने सांगितली होती दूध-मांसाची भांडी वेगळी. गावाकडून शिकली माणसांची भांडी वेगळी. हा भेद विसाव्या शतकात मोडत गेला. इथे शाकाहाराबद्दलही एक फरक नोंदवायला हवा. आपल्याकडे शाकाहार अनेकदा वरच्या-खालच्या पायरीची खूण म्हणून वापरला गेला. कोशर स्वयंपाकघरात मांसाहारी खालचा आणि शाकाहारी वरचा असं काही नाही. बिरडं खाणारा मटण खाणाऱ्यापेक्षा पवित्र नाही; उद्या तोच मटण खाणार आहे. पार्वे म्हणजे फक्त मोकळं, कुठेही बसू शकणारं.

युरोपातल्या एका पुस्तकाशी तुलना केली की हा मोकळेपणा नीट दिसतो. 1938 मध्ये व्हिल्ना शहरात फान्या लेवांडो या बाईंनी यिद्दिशमध्ये शाकाहारी पाककृतींचं पुस्तक काढलं, चारशे पाककृती. त्या तिथे शाकाहारी उपाहारगृह चालवत. त्यांचा शाकाहार विचारपूर्वक स्वीकारलेला, आधुनिक. आणि त्यांचा स्वयंपाक लोणी, साय, अंडी, चीज यांवर उभा होता. तिथे मांस सोडणं म्हणजे दुधाच्या बाजूला जाणं. कोकणात मांस नसलेला स्वयंपाक दुधाकडे झुकला नाही, नारळाकडे झुकला. नियम दोन्हीकडे तोच, जमीन वेगळी. लेवांडो गेल्या, पुस्तक उरलं. कोकणात पुस्तक कुणी लिहिलंच नव्हतं, घरं उरली.

आणि आता शेवटचा मुद्दा, ज्यासाठी हे सगळं सांगितलं.

परंपरा सांगते की दाविद रहाबी नावाचा एक ज्यू विद्वान कोकणात आला. अनेक इतिहासकार त्याचा संबंध अठराव्या शतकातल्या कोचीनच्या रहाबी घराण्याशी जोडतात. शनिवारी काम न करणारे हे तेली खरंच ज्यू आहेत का, हे त्याला तपासायचं होतं. त्याने बायकांना वेगवेगळे मासे आणून दिले आणि रांधायला सांगितले. त्यांनी पर आणि खवले असलेले तेवढे निवडले, बाकीचे बाजूला केले. रहाबीची खात्री पटली. त्याने तिघांना शिकवून ‘काजी’ केलं, आणि समाजाचा बाकीच्या ज्यू जगाशी धागा पुन्हा जोडला गेला. 1796 मध्ये मुंबईत सॅम्युएल दिवेकरांनी पहिलं सिनेगॉग बांधलं. गोष्ट शब्दशः खरी असो वा नसो, समाजाने स्वतःबद्दल जपलेली ही गोष्ट आहे, आणि तिच्यात परीक्षा द्यायला बायका आहेत आणि परीक्षेची जागा स्वयंपाकघर आहे.

पुढे 1948 नंतर बहुसंख्य बेने इस्रायल इस्रायलला गेले. तिथे 1962 मध्ये मुख्य रब्बी कार्यालयाने विवाह नोंदवणाऱ्यांना सूचना दिली की या समाजाच्या माणसाचं इतर ज्यूंशी लग्न लावण्याआधी त्याच्या आईची, आजीची, शक्य तितक्या मागच्या पिढ्यांची चौकशी करावी. शंका अशी की ग्रंथ नसलेल्या काळात या लोकांनी घटस्फोटाचे आणि विधवाविवाहाचे नियम नीट पाळले असतील का. पुन्हा परीक्षा, पण या वेळी कागदाची. कोकणातल्या तेल्याच्या आजीचा कागद कुठून आणणार? लोक रस्त्यावर उतरले. 1964 च्या उन्हाळ्यात जेरुसलेममध्ये मोठं आंदोलन झालं. ऑगस्टमध्ये संसदेने ठराव केला की बेने इस्रायल सर्वार्थाने ज्यू आहेत आणि सूचनेतला त्यांच्यापुरता भाग गेला पाहिजे. मग सूचना बदलली.

रहाबीने काय खाता हे विचारलं, कार्यालयाने काय लिहून ठेवलंय हे विचारलं. दोन्ही प्रश्न नियमाचेच आहेत. पण ज्या समाजाचा इतिहास कागदावर नव्हताच, त्याला दुसरा प्रश्न विचारणं म्हणजे त्याचा सगळा इतिहास शून्य धरणं. म्हणून आम्हाला वाटतं की बिरडं, खीर, मनुकांचं सरबत, चिकाचा हलवा यांच्याकडे केवळ पाककृती म्हणून बघू नये. ती त्या समाजाची दप्तरं आहेत. ती ठेवणाऱ्यांची नावं कुठे नोंदलेली नाहीत, कारण त्या बहुतेक बायका होत्या.

आज भारतात ज्यू फार थोडे उरलेत. 2011 च्या जनगणनेत देशभरात पाच हजारांच्या आत. महाराष्ट्र सरकारने 2016 मध्ये त्यांना अल्पसंख्याक दर्जा दिला. कोशर मांस मिळवणं सगळीकडे सोपं नाही. कापणारा जवळ नसेल तर आठवडाभर वरणभात, उसळ, भाजी, मासे. म्हणजे दानिएलाचाच हिशोब पुन्हा. तिकडे इस्रायलमध्ये लोद, दिमोना, अश्दोद इथल्या मराठी घरांत पोहे आणि नारळ मिळवून मलिदा होतो. तिथे कोकणातला शेजारी नाही, पावसाळ्यातला बंद समुद्र नाही. तरीही ताट तेच राहिलंय.

एक विनंती करून थांबतो. आपल्यापैकी कुणाच्या ओळखीत अशी घरं असतील तर सणाच्या दिवशी काय केलं हे विचारा, आणि त्याहून महत्त्वाचं, काय घातलं नाही हे विचारा. उत्तर लिहून ठेवा. हे दप्तर आता कागदावर यायला हवं, कारण ते ज्या हातांत होतं ते हात थकत चाललेत.